शेजाऱ्यांसाठी उघडलेले फाटक

(माजिवडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आज महाविद्यालयाच्या फाटकाविषयी बोलायचे, असे मी ठरवून आलो आहे. वर्षातून एक दिवस ते फाटक सगळ्यांसाठी उघडायचे, आसपासच्या माणसांना आत बोलवायचे आणि वर्षभर आत जे काम चालते ते त्यांना जवळून पाहू द्यायचे, ही प्रथा जगात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. महाराष्ट्रातही ती रुजली आहे. तिच्या आपल्याकडच्या इतिहासाचा एक धागा थेट कल्याणमधून जातो आणि ठाण्या-कल्याणच्या माणसांनीच तो विसरावा, याचे मला फार वाईट वाटते.

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता, मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांची गाठ पडते. इथून बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र आहे. खाडीकाठी चेंदणी बंदर रस्त्यावर विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये आहेत. हे मंडळ १९३५ सालचे. पुढे कल्याणला बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीला पेंढरकर महाविद्यालय. या सभागृहातल्या किती जणांनी, मुलाच्या प्रवेशाचे किंवा दाखल्याचे काम नसताना, यांपैकी एखाद्या संकुलात पाऊल टाकले आहे? आतल्या सूक्ष्मदर्शकाला आपल्यापैकी कितींनी डोळा लावला आहे? आपल्या करातून या शिक्षणाचा मोठा भाग चालतो. आपली मुले तिथे शिकतात. तरी फाटकापाशी आपण थबकतो. पहारेकरी अडवील या धास्तीपेक्षाही ‘आपले तिथे काय काम’ हा विचार आपल्याला जास्त अडवतो.

ही अडचण अमेरिकेतल्या एका शेतकी शाळेने १९०९ सालीच सोडवली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने डेव्हिस या लहानशा गावाजवळ शेतकी शिक्षणासाठी ‘युनिव्हर्सिटी फार्म’ काढला होता. तिथे गाईंसाठी नवा गोठा बांधून झाला, तेव्हा चालकांनी परिसरातल्या लोकांना तो पाहायला बोलावले. सुमारे २,००० माणसे आली. जेवणाची शिदोरी ज्याने त्याने घरून आणायची आणि कॉफी, साखर, दुधावरची साय ही शेतकी शाळेने द्यायची, असा बेत होता. लोक झाडाखाली बसून जेवले आणि गोठा पाहून घरी गेले. पुढे १९१२ पासून आखणी विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घेतली आणि ‘पिकनिक डे’ हे नाव कायमचे झाले. त्या शाळेचे आज मोठे विद्यापीठ झाले आहे आणि हा दिवस विद्यार्थ्यांनी चालवलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या उत्सवांत गणला जातो.

या उत्सवात खंडही पडले. १९२४ साली गुरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली म्हणून तो रद्द झाला. १९३८ साली व्यायामशाळेच्या बांधकामाला उशीर झाला म्हणून झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात संकुल लष्कराच्या ताब्यात गेले, तेव्हाही बंद पडला. २०२० साली करोनाने मैदान रिकामे ठेवले. पण अडचण सरली की दर वेळी उत्सव पुन्हा उभा राहिला. गावाने एकदा तो दिवस आपला मानला, की एखाद्या वर्षाच्या खंडाने तो मोडत नाही.

तिथे मिरवणूक निघते, संगीत असते, कुत्र्यांच्या शर्यतीही होतात. मला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिथली एक गाय. संशोधनासाठी तिच्या कुशीला शस्त्रक्रियेने एक वाट केलेली असते आणि ती रबरी झाकणाने बंद केलेली असते. गाय शांतपणे चारा खात उभी असते. पाहुण्याने खांद्यापर्यंत येणारा हातमोजा चढवायचा, झाकण काढलेल्या वाटेतून हात आत घालायचा आणि अर्धवट पचलेला ओला, कोमट चारा बोटांनी चाचपायचा. गाय रवंथ कशी करते हे वाक्य पुस्तकात दहा वेळा वाचलेला मुलगा ती ऊब हाताला लागल्यावर जे शिकतो, ते पुस्तकाने होत नाही. ‘या, हात घाला, विचारा’ एवढेच संस्था त्याला सांगत असते, आणि त्याला तेवढे पुरते.

आपल्याकडे महाविद्यालयाचा उत्सव म्हटला की आधी आठवते ते गॅदरिंग. स्नेहसंमेलनाची परंपरा जुनी आहे. नाटके, शेलापागोटे, बक्षीस समारंभ आणि पालक, माजी विद्यार्थी यांची पहिल्या रांगेतली गर्दी, या साऱ्याने मराठी रंगभूमीला आणि साहित्याला माणसे दिली. नंतर सत्तरच्या दशकात मुंबईत आंतरमहाविद्यालयीन महोत्सवांची लाट आली. पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ आणि १९७९ पासूनचा झेवियर्सचा ‘मल्हार’ हे त्यातले ठळक. १९९८ मध्ये आयआयटीनेच ‘टेकफेस्ट’ सुरू केला आणि त्याच्या प्रदर्शनांना बाहेरची माणसेही येऊ लागली. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण त्यांचा मुख्य श्रोता दुसऱ्या महाविद्यालयातला तरुण आहे. फाटकासमोर चहाची टपरी चालवणारा माणूस, शेजारच्या चाळीतली आजी, नाक्यावरचा रिक्षावाला यांना त्यातले निमंत्रण नसते.

तसे निमंत्रण पाहायचे असेल तर अकोल्याला जावे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. तिथे खरीप पिके उभी असताना ‘शिवार फेरी’ भरते. विदर्भातल्या जिल्ह्यांतून शेतकरी गाड्या भरून येतात आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उभ्या पिकांमधून हिंडतात. वाफ्यापुढे वाणाच्या नावाची पाटी असते, पलीकडे ते वाण पैदा करणारा शास्त्रज्ञ उभा असतो. शेतकरी सोयाबीनच्या झाडाला लगडलेल्या शेंगा मोजतो, कपाशीचे बोंड दाबून पाहतो, पानामागची कीड शोधतो आणि आपल्या रानातल्या अडचणीवर तिथेच प्रश्न टाकतो. शास्त्रज्ञाला तिथे टाळता येत नाही, कारण पीक दोघांच्या मध्ये उभे असते. विद्यापीठ आणि समाज यांच्या नात्यावर आपण परिसंवाद पुष्कळ ऐकतो. त्या वाफ्याच्या बांधावर ते नाते प्रत्यक्ष दिसते.

आता मूळ धाग्याकडे येतो. त्यासाठी तारीख धरायची ती २८ फेब्रुवारी.

१९०७ साली चंद्रशेखर वेंकट रामन नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण अधिकारी सरकारच्या अर्थखात्यात कलकत्त्याला रुजू झाला. कचेरीच्या वाटेवर ट्रॅममधून त्याला बोबाजार रस्त्यावर एका संस्थेची पाटी दिसली. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ती काढली होती. सामान्य नागरिकाला विज्ञानाची व्याख्याने ऐकता यावीत आणि प्रयोग करता यावेत, हा तिचा हेतू होता. रामन यांनी दार ठोठावले. आशुतोष डे या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने ते उघडले. हिशेबखात्यातला माणूस नोकरीआधी आणि नोकरीनंतर तिथे प्रयोग करू लागला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने चाललेल्या कामातून, ज्याला जग आज रामन परिणाम म्हणते तो शोध त्याच वास्तूत लागला. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून देशभर हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

या दिवशी आपण रामन यांच्या बुद्धीचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. मला त्या दाराचेही कौतुक वाटते. दार ठोठावले त्या दिवशी रामन तिथे पाहुणे म्हणून आले होते. ते त्या संस्थेचे विद्यार्थी नव्हते, नोकरही नव्हते. ‘आपले काय काम?’ असे विचारून त्यांना परत पाठवले असते, तर हिंदुस्थानच्या विज्ञानाचा इतिहास वेगळा झाला असता. म्हणून विज्ञान दिनाला संस्थांनी फाटके उघडावीत, यात मोठे औचित्य आहे.

याच कृष्णन यांच्यापासून धागा पुढे जातो. स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्या हाताखालचा तरुण संशोधक गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला आणि सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याचा रेडिओ लहरींनी अभ्यास करणाऱ्या ३२ तबकड्यांच्या दुर्बिणीवर शिकला. प्रत्येक तबकडी सहा फूट व्यासाची. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना पुढे त्या नकोशा झाल्या, तेव्हा स्वरूप यांनी त्या भारताला भेट मागितल्या. भेट मंजूर झाली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या यायला वेळ लागला. दिल्लीला आल्यावरही त्या पडून राहिल्या. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. होमी भाभांनी त्यांना पाठबळ दिले आणि १९६५ साली त्या ३२ तबकड्या उभ्या राहिल्या त्या आपल्या कल्याणजवळ. २४ पूर्व-पश्चिम रांगेत, आठ दक्षिणोत्तर रांगेत. ६१० मेगाहर्ट्झवर त्या सूर्याकडे पाहत होत्या. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असते, हे त्यांच्या मोजणीतूनही दिसले.

भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची मोठी शाळा अशी कल्याणला सुरू झाली. तिथे हात बसलेली तरुण मंडळी स्वरूप यांच्याबरोबर उटीला गेली. डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये त्यांनी उभी केली. तिथून पुढे पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगाला अर्पण करण्यात आली.

विज्ञान दिनाला खोडदला जाऊन यावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. जुन्नर आणि आसपासच्या तालुक्यांतून शाळांच्या गाड्या येतात. मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी आपापले प्रयोग मांडून बसतात. शेतावरून थेट आलेली कुटुंबे असतात. फाटकाशी मोबाईल बंद करायला सांगतात, कारण दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या क्षीण लहरीपुढे खिशातल्या फोनचा गोंगाट कितीतरी मोठा असतो. ही एक सूचनाच पाहुण्याला रेडिओ दुर्बीण म्हणजे काय ते शिकवते. मग तबकडीखाली उभे राहून वर पाहिले की तिच्यातून निळे आकाश दिसते. ती भरीव पत्र्याची नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची ती जाळी आहे आणि तिची भोके सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची आहेत. ‘मग लहरी भोकातून निसटत नाहीत का?’ हा प्रश्न तिथे प्रत्येक मूल विचारते. अभियंता मराठीत सांगतो, की पकडायची लहर एकवीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आहे, तिला एवढेसे भोक दिसतच नाही. जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही आटोक्यात येतो. स्वरूप यांच्या बुद्धीचे सार त्या जाळीत आहे, आणि द्राक्षाच्या मांडवाला तारा ताणणाऱ्या शेतकऱ्याला ते पटकन समजते. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी गेले. त्यांची दुर्बीण ज्या शेतांच्या मध्ये उभी आहे, त्या शेतांच्या मालकांना ती वर्षातून एकदा जवळून पाहता येते, याचे मोल मला तिच्या शोधनिबंधांइतकेच वाटते.

या परंपरेचे दुसरे ठिकाण पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये तिची धुरा हाती घेतली. २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या व्याख्यानाने तिचे संकुल अर्पण झाले. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. इमारतींच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे कुंड आहे आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. विज्ञान दिनाला हे सारे लोकांना मोकळे असते.

तिथल्या फूकोच्या लंबकापाशी पाच मिनिटे थांबणाऱ्याला काहीच कळत नाही. लंबक नुसता झुलताना दिसतो. तासाभराने परत यावे. झोक्याची रेघ किंचित सरकलेली असते. रेघ सरकण्याचे कारण पायाखालची पृथ्वी. ध्रुवावर हे सरकणे तासाला पंधरा अंशांचे असते, विषुववृत्तावर शून्य, आणि पुण्याच्या अक्षांशावर तासाला जेमतेम पावणेपाच अंशांचे. आपल्या ठाण्यात टांगला तर पाचाच्या जवळ जाईल. पृथ्वी फिरते हे आपण सगळे मानतो. ती फिरताना पाहिलेली माणसे थोडी असतात. खुल्या दिवसाने ती संख्या वाढवली.

नारळीकरांची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती इथे सांगितलीच पाहिजे. मुले सहीसाठी वह्या पुढे करायची. ते सांगायचे, सही आत्ता देणार नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून मला पाठव, मी उत्तर देईन आणि उत्तराखाली सही असेल. कार्डे येत आणि उत्तरे जात. फाटक एका दिवसाने बंद झाले तरी प्रश्न वर्षभर आत येत राहावेत, अशी ही व्यवस्था होती. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या नावाने काही करायचे असेल, तर पुतळ्याआधी अशी एखादी पोस्टकार्डाची पेटी प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकाला लावावी.

या चारही ठिकाणांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट मनात पक्की बसते. जिथे संस्थेने आपले रोजचे काम दाखवले, तिथे लोक पुन्हा पुन्हा आले. गोठा दाखवला, वाफा दाखवला, जाळी दाखवली, लंबक दाखवला. आणि समजावून सांगायला तो माणूस उभा होता, ज्याचे हात त्या कामाला लागलेले होते. त्याने पाहुण्याच्या भाषेत सांगितले. जिथे मंडप, प्रमुख पाहुण्यांची भाषणे, सत्कार आणि प्रायोजकांचे फलक यांनी जागा व्यापली, तिथे उत्सव मोठा झाला आणि शेजारी बाहेर राहिला. माझ्या मते खुल्या दिवशी व्यासपीठ नसावेच.

प्राचार्य मंडळींच्या अडचणी मी जाणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, गर्दीत उपकरण मोडू शकते, सुरक्षेची जबाबदारी असते, पैसा कुठून आणायचा हा प्रश्न असतो. यांतली एकही अडचण खोटी नाही. पण तारीख डिसेंबर-जानेवारीतही घेता येते. नाजूक उपकरण दोरीपलीकडे ठेवता येते आणि मजबूत उपकरण हातात देता येते. डेव्हिसला १९०९ साली खर्च झाला तो कॉफी, साखर आणि सायीचा. राहिली सुरक्षा. ज्या संस्थेला आसपासची माणसे तोंडओळखीने ओळखतात, तिची राखण तीच माणसे करतात, असा माझा विश्वास आहे.

दाखवायला ठाण्याकडे काय आहे, असे कुणी विचारील. आपल्या दाराशी खाडी आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या खाडीचा चमचाभर चिखल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. फ्लेमिंगो इतक्या लांबून कशासाठी येतात ते बाळकुमच्या मुलाला एका नजरेत कळेल. तिवराच्या पानावरचे मीठ त्याला जिभेने चाखू द्या. कोलशेत, बाळकुमचे कोळी आणि आगरी ज्येष्ठ भरती-ओहोटीचा, जाळ्यांचा, माशांच्या हंगामाचा जो हिशेब जाणतात, तो सांगायला त्यांनाच त्या दिवशी प्रयोगशाळेत बोलवा, विद्यार्थी लिहून घेतील. वाणिज्य शाखेने महापालिकेचा अर्थसंकल्प टेबलावर पसरावा आणि नागरिकाला तो वाचायला शिकवावा. मराठी विभागाने गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण करून त्यांच्याच नातवंडांना ऐकवावे. यातल्या कशालाही मोठे अनुदान लागत नाही.

आणि कल्याणच्या महाविद्यालयांना एक खास विनंती. १९६५ साली त्या ३२ तबकड्या आपल्या परिसरात उभ्या होत्या. त्यांची हकीकत एका फलकावर, नकाशासह आणि छायाचित्रांसह, आपल्या आवारात लावा. खोडदचे शास्त्रज्ञ आनंदाने मदत करतील, याची मला खात्री वाटते. त्या फलकापाशी उभे राहून एखाद्या विद्यार्थ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगावी. कल्याणचा खुला दिवस तिथूनच सुरू होईल.

इथे बसलेल्या प्राध्यापकांना, संस्थाचालकांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच मागणे आहे. येत्या शैक्षणिक वर्षात एक रविवार ठरवा, म्हणजे नोकरदारांना आणि रोजंदारीवरच्या माणसांनाही येता येईल. फाटकावर ठळक मराठीत लिहा की आज कोणीही आत यावे. माजिवडा, बाळकुम, ढोकाळी, कोलशेत इथल्या घरोघरी विद्यार्थ्यांच्या हाती निमंत्रण पाठवा, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्याच कागदावर छापा. आम्ही मुलाबाळांसह येऊ.